अंगणातल्या छोट्या कार्यक्रमाची परवानगी: पुण्यात अर्ज कसा करायचा?

बंगल्याच्या अंगणात सतरंज्या अंथरायच्या आणि चाळीस-पन्नास रसिकांसमोर गाणं, कवितावाचन किंवा एकांकिका करायची, हे पुण्यात नक्की जमण्यासारखं आहे. नवोदित कलाकारांना सभागृहाचं भाडं परवडत नाही, म्हणून असे कार्यक्रम वाढायलाच हवेत. फक्त ‘घर आपलं, तिकीट नाही, मग परवानगी कशाला?’ या समजुतीवर विसंबू नका.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये सार्वजनिक करमणुकीची जागा कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. गाणं, नाच किंवा करमणूक जिथे होते आणि जिथे लोकांना प्रवेश असतो, ती अशी जागा. मग ती इमारत असो, मांडव असो वा मोकळं अंगण. म्हणजे खरा प्रश्न तिकिटाचा नाही, लोकांना खुलं आमंत्रण आहे का, हा आहे. नातेवाईक आणि मित्रांची घरगुती बैठक वेगळी. सोशल मीडियावर जाहिरात केलीत की आधी स्थानिक पोलीस ठाण्यात जा आणि परवाना लागतो का ते विचारून घ्या. तुमचा भाग पुणे पोलीस आयुक्तालयात येतो की पिंपरी-चिंचवडच्या, हेही पाहा. २०१८ पासून ही दोन आयुक्तालयं वेगळी आहेत.

सगळ्यात जास्त अडतं ते ध्वनिक्षेपकापाशी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लेखी परवानगीशिवाय तो लावता येत नाही, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर अजिबात नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण आपला घरगुती कार्यक्रम त्या भरवशावर आखू नये. सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलीही या नियमापुढे थांबल्या. सहाला सुरुवात करा, साडेनऊला आवरा.

निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. खासगी जागेतला आवाज तुमच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलपर्यंत जास्त चालतो, म्हणजे साधारण ६०. कुंपणाच्या भिंतीशी उभं राहून दोन माणसं बोलतात, जवळपास तेवढाच. म्हणून स्पीकर शेजाऱ्यांकडे तोंड करून ठेवू नका. भिंतीला पाठ लावून घराकडे वळवा, आणि तालमीच्या वेळी चारही बाजूंनी फिरून ऐका. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत असाल तर तो शांतता क्षेत्राचा भाग असू शकतो. तिथे दिवसाचीही मर्यादा ५० आहे. अशा ठिकाणी माइक नकोच. तानपुरा आणि मोकळा गळा पन्नास माणसांना पुरतो.

पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज व्यक्तीच्या नावानेही करता येतो. जागेचे मालक असाल तर मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल, भाडेकरू असाल तर घरमालकाचं संमतीपत्र, आणि सोसायटीत राहत असाल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र जोडा. सोबत ओळखपत्र द्या. अर्जात तारीख, वेळ, कार्यक्रमाचं स्वरूप, कलाकारांची नावं, अपेक्षित प्रेक्षकसंख्या आणि ध्वनिव्यवस्था कोणाची, हे स्पष्ट लिहा. जागेचा हाती काढलेला नकाशा जोडलात तर साहेबांचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात: फाटक कुठे, बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, गाड्या कुठे लागणार. तीन-चार आठवडे आधी जा, दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका. तोंडी ‘करा, काही होत नाही’ याला ऐनवेळी किंमत नसते.

नाटक किंवा एकांकिका असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. लेखकाची लेखी परवानगी वेगळी, आणि ती मागायला कधीही टाळाटाळ करू नये. चित्रपटगीतं गाणार असाल तर गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने हक्कांचं शुल्क घेणाऱ्या संस्थेचा परवाना पाहावा लागतो. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावलंत की ती गेली.

तिकीट ठेवणार असाल तर दर ५०० रुपयांच्या वर नेऊ नका. माणशी ५०० पर्यंतच्या नाटक आणि संगीत कार्यक्रमांच्या प्रवेशाला जीएसटी नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्या परवानग्यांच्या प्रती ध्वनियंत्रकाच्या टेबलावर ठेवा आणि तिथे एक जबाबदार माणूस बसवा. पोलीस आले तर बोलायला तोच पुढे होईल, गाणाऱ्याला मध्येच थांबावं लागणार नाही.