वॉटर्लू स्थानकावर हरवलेली पिशवी आणि शाळकरी रेकॉर्डर

३० एप्रिल १९१९ रोजी लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर सात वर्षांच्या कार्ल डोल्मेचकडून एक पिशवी विसरली. तिच्यात अठराव्या शतकाच्या सुमारास लंडनमध्ये काम करणाऱ्या पीटर ब्रेसन या कारागिराने घडवलेला एक रेकॉर्डर होता. वडील आर्नोल्ड यांनी तो १९०५ मध्ये विकत घेतला होता. ध्वनिमुद्रणाच्या यंत्राशी या नावाचा संबंध नाही. रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची, वरच्या तोंडात बूच बसवलेली बासरी; आपल्याकडचे अलगूज याच कुळातले. त्या काळी असे वाद्य घडवणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते, म्हणून आर्नोल्ड यांनी सरे परगण्यातील हेझलमिअर येथल्या आपल्या कार्यशाळेत ते स्वतः करायला घेतले. पुढे याच कार्यशाळेच्या नावाचे प्लास्टिकचे रेकॉर्डर शाळकरी मुलांच्या दप्तरात गेले.

या वाद्यातले खरे अवघड काम वरच्या चार-पाच सेंटिमीटरांत असते. बूच आणि नळीची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक मिलिमीटर उंचीची फट ठेवलेली असते. तिच्यातून फुंकरीचा चपटा झोत बाहेर पडतो आणि काही मिलिमीटर अंतरावरील तासलेल्या धारेवर आदळतो. झोत क्षणात धारेच्या आत, क्षणात बाहेर असा हेलकावू लागतो आणि नळीतील हवेचा स्तंभ त्याला आपल्या ठेक्यात बांधून घेतो. सर्वांत खालचा, ५२३ हर्ट्झचा सा देणाऱ्या शाळकरी रेकॉर्डरला सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीचा हवेचा स्तंभ लागतो, कारण दोन्ही टोकांना उघड्या नळीत अर्धी ध्वनिलहर मावते आणि ध्वनीच्या सेकंदाला ३४३ मीटर या वेगाला ५२३ने भागून आलेल्या लहरीच्या लांबीचे अर्ध तेवढेच होते. धार अर्धा मिलिमीटर वरखाली झाली, की मात्र हे गणित बरोबर असूनही आवाज घोगरा येतो किंवा खालचे स्वर बोलतच नाहीत. लाकडी वाद्यात हे काम प्रत्येक नगाला नव्याने, कानाने आणि पटाशीने करावे लागते. वर्गातल्या चाळीस मुलांना अशी चाळीस वाद्ये देणे कोणत्या शाळेला परवडेल?

वाद्याची मागणी मात्र आधीच वाढू लागली होती. १९३७ मध्ये कार्ल डोल्मेच आणि एडगर हंट यांनी रेकॉर्डर वाजवणाऱ्यांची संस्था स्थापन केली आणि हंट यांनी ते वाद्य इंग्लंडच्या शाळांत नेण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या महायुद्धात डोल्मेच कार्यशाळेला विमानांसाठी प्लास्टिकचे सुटे भाग करावे लागले. युद्ध संपल्यावर ती कला हाताशी होती आणि कार्ल यांनी तिच्यातून बेकलाइटचा रेकॉर्डर काढला.

बेकलाइट आपल्या घरातही आहे. कुकरची काळी मूठ किंवा जुन्या वाड्यातले विजेचे गोल खटके आठवावेत. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून ते तयार केले. लाकडाचा भुसा वगैरे मिसळलेली त्याची पूड तापलेल्या साच्यात दाबली, की रेणूंचे जाळे कायमचे विणले जाते आणि वस्तू पुन्हा तापवली तरी वितळत नाही. रेकॉर्डरला हे फार सोयीचे पडले. त्याची पोकळी खाली निमुळती होत जाते, आणि निमुळता पोलादी गाभा साच्यातून सहज ओढून काढता येतो. उस्तादाने धार आणि फट एकदा साच्यात उत्तम कोरली, की प्रत्येक नगात तिचीच नक्कल उतरते. माझ्या मते या वाद्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच: कौशल्य नगातून साच्यात गेले.

प्लास्टिकचा आवाज लाकडासारखा कसा येईल, ही शंका रास्त असली तरी भौतिकशास्त्र लाकडाची बाजू फारशी घेत नाही. बासरीत कंप पावते ती मुख्यतः हवा, भिंत नव्हे. १९७१ मध्ये जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या नळ्यांना एकसारखी मुखखंडे लावून बासऱ्या वाजवून घेतल्या, तेव्हा नळी कशाची आहे हे ना वादकांना ओळखता आले, ना श्रोत्यांना. आतला आकार, भोकांच्या कडा आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा यांचा परिणाम त्याहून पुष्कळ मोठा असतो.

तरीही लाकूड एका बाबतीत सरस ठरते. चांगल्या रेकॉर्डरचे बूच देवदारवर्गीय लाकडाचे असते आणि ते श्वासातला ओलावा शोषून घेते. बेकलाइट शोषत नाही आणि पडले तर तडकते. नंतर आलेले एबीएस हे प्लास्टिक चिवट आहे, वितळवून साच्यात दाबाने भरता येते आणि म्हणून आजचे बहुतेक शाळकरी रेकॉर्डर त्याचेच असतात; पण शोषण्याच्या बाबतीत तेही कोरडेच. सकाळच्या गारव्यात उबदार श्वास थंड फटीत शिरला की थेंब जमतात आणि मधल्या सुरावरच आवाज गुदमरतो. शिवाय आतली हवा १० अंशांनी तापली की सूर जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वराने चढतो. म्हणून वाजवणारी मुले वाद्याचे वरचे टोक आधी काखेत धरून ऊबवतात, आणि जाणकार वादक भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून फटीत सोडतात, म्हणजे पाण्याचे थेंब न साचता पातळ थर होऊन वाहून जातात.