सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने माशाचं तेल काढणं

कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंश सेल्सिअसच्या वर आणि साधारण ७४ बारपेक्षा जास्त दाबाखाली ठेवला की तो ना धड गॅस राहतो ना धड द्रव, घनता द्रवासारखी आणि पसरणं गॅससारखं, या अवस्थेला सुपरक्रिटिकल म्हणतात. अशा सीओटूत, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमध्ये, चरबी विरघळते, म्हणून मासे, माशांची डोकी, कातडी, आतडी यातलं तेल काढायला तो वापरतात. कॉफीतलं कॅफिन काढायला हीच आयडिया जर्मनीत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात शोधली, नंतर ती मसाले, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) असं करत माशापर्यंत आली.

नेहमीच्या पद्धतीत मासे वाफेवर शिजवतात, स्क्रू प्रेसमध्ये पिळतात आणि पाणी-तेल सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळं करतात, आपल्या किनाऱ्यावरचे फिशमीलचे कारखाने तारलीचं तेल असंच काढतात. ते खाण्याजोगं करायचं तर पुढे रिफायनिंग लागतं आणि वास घालवायला जोरदार तापवावंही लागतं. अडचण तिथेच आहे, कारण ज्या ओमेगा-३ फॅटी ॲसिडांसाठी हे तेल घ्यायचं त्यांपैकी डीएचएत ६ डबल बाँड असतात आणि ईपीएत ५, त्यामुळे उष्णता आणि ऑक्सिजन मिळाला की ते पटकन खराब होतात. सीओटूवाल्या प्लांटमध्ये तापमान बहुतेक वेळा ४० ते ६० अंश असतं आणि हवेशी संपर्क जवळजवळ नसतो.

आधी मासा चांगला सुकवावा लागतो, ओला राहिला तर गॅस आत नीट शिरत नाही आणि तेलाबरोबर पाणीही येतं. सुकलेली भुकटी जाड स्टीलच्या भांड्यात भरून खालून २०० ते ४०० बार दाबाचा सीओटू सोडतात, तो तेल घेऊन वरून बाहेर पडतो. पुढच्या व्हॉल्व्हपाशी दाब एकदम उतरतो आणि गॅस इतका गार पडतो की तो व्हॉल्व्ह तापवत ठेवला नाही तर बर्फ धरून चोक होतो. दाब उतरल्यावर तेल धरून ठेवायची गॅसची ताकद जाते, तेल सेपरेटरच्या तळाशी साचतं आणि गॅस पुन्हा पंपाकडे जातो. एक किलो गॅसमध्ये काही ग्रॅमच तेल मावतं म्हणून तोच गॅस तासन्‌तास फिरवावा लागतो.

खरी गंमत दाब आणि तापमानाच्या खेळात आहे. दाब कमी असताना तापमान वाढवलं तर तेल कमी विरघळतं कारण गॅस विरळ होतो, पण दाब खूप असेल तर तेच तापमान वाढवल्यावर तेल जास्त विरघळतं. म्हणून एकामागे एक दोन-तीन सेपरेटर वेगवेगळ्या दाबावर लावून वासाचे पदार्थ आणि फ्री फॅटी ॲसिड (तेल तुटून सुटी झालेली) बरेचसे बाजूला काढता येतात. तेलाचे इथाइल एस्टर केले, म्हणजे त्यातली फॅटी ॲसिडं सुटी करून इथेनॉलशी जोडली, तर लहान कार्बन-साखळ्या आधी विरघळतात आणि २० कार्बनचं ईपीए, २२ कार्बनचं डीएचए मागे राहून त्यांचं प्रमाण वाढवता येतं.

सीओटूने काढलंय म्हणजे शंभर टक्के शुद्ध असं जाहिरातीत वाचायला मिळतं, ते मात्र अर्धंच खरं आहे. पारा मुख्यतः प्रोटीनला चिकटलेला असतो त्यामुळे तो चोथ्यात राहतो हे बरोबर, पण पीसीबी आणि डायऑक्सिन ही प्रदूषणातून आलेली विषारी रसायनं चरबीत विरघळणारी, ते तेलाबरोबर सरळ बाहेर येतात आणि त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन वगैरे वेगळा उपाय करावाच लागतो. आणि मासाच शिळा असेल तर गॅस काही तो ताजा करत नाही.

फॉस्फोलिपिड (फॉस्फरस असलेले चरबीसारखे पदार्थ) साध्या सीओटूत विरघळत नाहीत, क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जिवाचं तेल काढताना म्हणून थोडं इथेनॉल मिसळतात. एरवी ते चोथ्यातच राहतात आणि तेल टिकवायला होणारी त्यांची मदतही जाते, त्यामुळे असं तेल काढल्या काढल्या त्यात टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) घालून नायट्रोजनखाली ठेवणं बरं. चोथ्याला हेक्झेनचा (तेल काढायला वापरतात त्या पेट्रोलियम सॉल्व्हंटचा) वास नसतो, प्रोटीनही फारसं बिघडलेलं नसतं, तो खायच्या पावडरीसाठी वापरता येतो. एवढं असूनही स्वस्त तेलासाठी हे परवडत नाही, उच्च दाबाची भांडी, पंप आणि मासा सुकवायचा खर्च बघता महाग ओमेगा-३ कॅप्सूलसाठीच हा हिशोब जमतो.