पॉझिट्रॅक्शन: दोन चाकांमधलं मोजून ठेवलेलं घर्षण

1960च्या दशकातली मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी सिग्नलवरून जोरात सुटली की मागे टायरची काळी रेघ उरते. रेघ एकच असेल तर ती बहुतेक वेळा उजव्या चाकाची असते. या गाड्यांचा मागचा ॲक्सल अखंड असतो, दोन्ही चाकं एकाच लोखंडी हाऊसिंगला जोडलेली. इंजिनाची शक्ती मागे आणणारा प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलमधल्या लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, पीळ देतो तेव्हा तोच पीळ अख्ख्या हाऊसिंगलाही बसतो. हाऊसिंग डावीकडे दबतं आणि उजवीकडून उचललं जातं. उजव्या टायरवरचा भार हलका झाला की त्याची पकड आधी सुटते.

पुढचा घोळ साधं डिफरन्शियल घालतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हे त्याचं काम. ते काम ते चोख करतं, पण त्याच्या मधल्या लहान गिअरची (स्पायडर गिअर) रचनाच अशी की दोन्ही बाजूंना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, नेहमी सारखाच जातो. उजवं चाक 100 न्यूटन-मीटरलाच घसरायला लागलं तर डाव्यालाही तेवढेच मिळतात, मग डावं चाक कोरड्या डांबरावर का असेना.

आता इंजिनाकडून किती येतं ते पाहा. 1970च्या शेव्हेल एसएस 454 गाडीतल्या एलएस6 इंजिनाचा जाहीर टॉर्क 500 पाउंड-फूट, म्हणजे 678 न्यूटन-मीटर. पहिला गिअर 2.20 आणि मागचा रेशो 3.31 धरला तर ॲक्सलवर साधारण 4,900 न्यूटन-मीटर येतात. मागच्या दोन चाकांवर मिळून 750 किलो भार, घर्षणांक 0.8 आणि चाकाची त्रिज्या 33 सेंटिमीटर धरली, तर दोन्ही टायर मिळून 1,950 न्यूटन-मीटरच्या आसपास पेलतात. इंजिनाचे ते आकडे जाहिरातीतले आणि गाडीबाहेर टेस्ट-बेंचवर मोजलेले होते, गाडीत प्रत्यक्षात कमी भरत. तरीही फरक मोठा राहतो, आणि त्या पेलण्यातलाही मोठा भाग एकट्या उजव्या टायरमुळे वाया जायचा.

यावरचा उपाय, म्हणजे एका चाकाचं घसरणं आवरणारं डिफरन्शियल, 1956 साली पॅकार्डने ‘ट्विन ट्रॅक्शन’ या नावाने दिला, 1957मध्ये शेव्हरोलेने ‘पॉझिट्रॅक्शन’ आणलं. मग प्रत्येकाचं आपापलं नाव: पाँटिॲकचं ‘सेफ-टी-ट्रॅक’, ओल्ड्समोबिलचं ‘अँटी-स्पिन’, डॉज-प्लिमथचं ‘शुअर-ग्रिप’, एएमसीचं ‘ट्विन-ग्रिप’, फोर्डचं आधी ‘इक्वा-लॉक’ आणि नंतर ‘ट्रॅक्शन-लॉक’. लोक मात्र सगळ्यांना सरसकट ‘पॉझी’ म्हणतात. 1969च्या कॅमारोवर हा पर्याय जी80 या कोडखाली 42.15 डॉलरला मिळायचा. त्या ऑर्डर फॉर्मवर इतक्या कमी पैशांत गाडीचा स्वभाव इतका बदलणारी दुसरी ओळ शोधून सापडायची नाही.

आपल्याकडे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला डिफरन्शियल लॉकचं पेडल माहीत असतं. चिखलात दाबायचं, वळण्याआधी सोडायचं. तिथे दोन्ही चाकं पक्की बांधली जातात. पॉझीत ती बांधत नाहीत, त्यांच्यामध्ये मोजकं घर्षण ठेवतात: सरळ जाताना एकमेकांना ओढण्याइतकं आणि वळताना सुटण्याइतकं.

जनरल मोटर्सच्या 12-बोल्ट ॲक्सलमधली ईटन कंपनीची रचना समजली की बाकीच्या सोप्या जातात. प्रत्येक साइड गिअरच्या (चाकाच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या गिअरच्या) मागे पातळ स्टीलच्या क्लच प्लेटची चळत असते. एक प्लेट आतल्या दात्यांनी साइड गिअरमध्ये अडकलेली, तिच्या शेजारची बाहेरच्या कानांनी केसमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या कवचात, अडकलेली, असं आलटून पालटून. दोन साइड गिअरच्या मध्ये स्प्रिंगचा ठोकळा बसतो आणि तो दोन्ही चळती सतत बाहेर दाबून धरतो. हा झाला कायमचा दाब. दुसरा दाब इंजिन देतं: बेव्हल गिअरचे दाते तिरके असल्याने टॉर्क येताच ते साइड गिअरला बाहेर ढकलतात आणि चळत आणखी आवळली जाते.

एक चाक हवेत लटकलं की पॉझीसुद्धा हतबल का होते, ते यातूनच कळतं. लटकलेल्या चाकाला विरोधच नाही, त्यामुळे टॉर्क उभा राहत नाही आणि दुसरा दाब जवळजवळ नाहीसा होतो. उरतात फक्त स्प्रिंगा. अशा वेळी पार्किंग ब्रेक दोन-तीन खटके लावून हळूच ॲक्सिलरेटर द्यावा. ब्रेकचा विरोध मिळाल्यावर गिअर एकमेकांना ढकलायला लागतात आणि जमिनीवरच्या चाकाकडे टॉर्क वळतो.

क्रायस्लरच्या 8¾ इंची ॲक्सलमध्ये 1969पर्यंत डाना कंपनीचं क्लचवालं युनिट यायचं. त्यात स्पायडर गिअरचे आडवे शाफ्ट केसमधल्या उतारांवर चढतात आणि क्लच आवळतात. 1969पासून बोर्ग-वॉर्नरचं शंकूवालं युनिट आलं. त्यात प्लेटच नाहीत. खाचा पाडलेला शंकू केसमधल्या शंकूच्याच आकाराच्या बैठकीत घट्ट बसतो. झिजत झिजत शंकू केसच्या तळाला टेकला की स्प्रिंग कितीही कडक घाला, पकड येत नाही. कंपनीने हे युनिट दुरुस्तीचं मानलंच नव्हतं. कसबी टर्नर मशिनिंग करून शंकूला पुन्हा जागा करून देतात, पण ते काम लेथवरचं आहे, घरच्या पान्यांनी होणारं नाही. डेट्रॉइट लॉकर ही तिसरी जात. त्यात घर्षण नाही, दातेरी क्लच आहेत. 1969-70च्या मस्टँगला ‘ड्रॅग पॅक’ या पर्यायात 4.30 रेशोसोबत तो मिळायचा. वळणावर खटखटतो, तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे पार्किंगमध्ये हळू वळताना मागून येणारी थरथर आणि ‘गर्र-गर्र’ आवाज. लगेच क्लच गेले म्हणून युनिट उघडू नका. जड बाक फरशीवर ओढताना तो जसा अडकत, उडी मारत सरकतो, तसंच प्लेटचं होतं. थांबलेल्या प्लेटचं घर्षण सरकत्या प्लेटपेक्षा जास्त असेल तर प्लेट चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. फ्रिक्शन मॉडिफायर हे मिश्रण थांबलेल्या अवस्थेतलं घर्षण उतरवतं आणि सरकणं सलग होतं. ते न घालता नुसतं गिअर ऑइल भरलं गेलं असेल तर चांगली पॉझीही ओरडते.

12-बोल्टला ऑइल काढायचा बोल्ट नसतो, मागचं झाकण उघडावं लागतं. गाडी थोडी फिरवून ऑइल गरम करा, खाली परात ठेवा, सगळे बोल्ट सैल करून झाकण खालच्या कडेला उचका. साधं खनिज 80डब्ल्यू-90 जीएल-5 ऑइल सुमारे 2 लिटर लागतं. आधी मॉडिफायर 4 औंस (118 मिलिलिटर) घाला, मग गाडी सपाट उभी असताना भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल भरा. काही ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच असतो, तेव्हा डब्यावर वाचा. जास्त झाला तर क्लच इतके निसरडे होतात की पॉझी असून नसल्यासारखी. मग मोकळ्या मैदानात हळू इंग्रजी आठच्या आकारात दहा-पंधरा फेऱ्या मारा, म्हणजे नवं ऑइल प्लेटच्या मध्ये शिरतं. थरथर बहुतेक वेळा इथेच थांबते.

नाही थांबली, किंवा पकडच नसेल, तर मोजून बघा. एक मागचं चाक जमिनीवर, पुढच्या चाकांना अडवणारे ठोकळे, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला. उचललेल्या बाजूच्या दोन स्टडवर बसेल अशी पट्टी घ्या, तिच्या बरोबर मध्यावर एक नट वेल्ड करा आणि टॉर्क रेंचने फिरवा. वापरलेल्या युनिटवर सरकण्याचा आकडा साधारण 40 पाउंड-फूटच्या (54 न्यूटन-मीटर) खाली गेला तर उघडायची वेळ आली. दोन्ही चाकं उचलून एक फिरवायचं आणि दुसरं त्याच दिशेने फिरतं का पाहायचं, ही चाचणी प्रसिद्ध आहे, पण झिजलेल्या पॉझीत दुसरं चाक उलटही फिरतं. जुनी गाडी विकत घेताना तेवढ्यावर निर्णय देऊ नका. 12-बोल्टच्या उजव्या ॲक्सल नळीवर पुढच्या बाजूला कोरलेला, ॲक्सल कुठला ते सांगणारा कोड वाचा.

एक चाक जॅकवर असताना गिअर टाकून इंजिन कधीही चालवू नका. साधं डिफरन्शियल हवेतलं चाक फिरवत बसतं, पॉझी जमिनीवरच्या चाकाला ओढते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

क्लच अकाली जळण्याचं एक कारण टायरमध्ये असतं. मागे एका बाजूला 70 सेंटिमीटर व्यासाचा नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजून 69 सेंटिमीटर झालेला असेल, तर सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला साडेसहा फेऱ्यांचा फरक पडतो. तो फरक प्लेट घासूनच भरून निघतो, दिवसभर. मागचे टायर जोडीनेच बदला.

पावसात पॉझीचा तोटा दिसतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरतं, दुसरं घसरत नसल्याने गाडीची शेपटी जागेवर धरून ठेवतं. पॉझीत दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू रस्त्याच्या उताराकडे सरकते. ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर हळू द्या.

युनिट उघडताना आधी डायल गेजने क्राऊन-पिनियनची मोकळीक मोजून लिहा, जुनेच गिअर परत बसवायचे असतील तर तोच आकडा परत यायला हवा. आडव्या शाफ्टचा लॉक बोल्ट काढा, शाफ्ट बाहेर घ्या, ॲक्सल आत ढकलून त्याला धरून ठेवणारी सी-क्लिप सोडवा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. दोन्हीकडच्या शिमा (पातळ चकत्या) वेगळ्या पिशव्यांत ठेवा. नव्या प्लेट अर्धा तास मॉडिफायरमध्ये भिजवून मगच चढवा, कोरड्या चढवल्या तर पहिल्याच वळणावर करपतात. स्प्रिंग निवडताना हात आवरा. ईटनच्या 400 पाउंडच्या स्प्रिंगा रस्त्यावरच्या गाडीला पुरतात, 800च्या शर्यतीसाठी आहेत आणि रोजच्या वापरात प्लेट भराभर खातात. पहिल्या 800 किलोमीटरनंतर ऑइल एकदा बदला. झाकणाच्या तळाशी बोटाला लागणारी बारीक राखाडी पेस्ट ही नव्या प्लेटची नेहमीची झीज असते. नखाने उचलता येतील असे धातूचे तुकडे सापडले तर झाकण परत लावू नका.