आपसूक उगवलेल्या वेलांचा वाण बिघडणे

उकिरडा, न्हाणीचे सांडपाणी, कुंपण अशा जागी न लावता उगवलेल्या वेलांची व फळभाज्यांची फळे पिढीगणिक कडू, पाणचट किंवा बारीक होत जाणे. विदर्भातील खेड्यांत घरामागच्या सांदवाडीत दुधी, दोडका, काकडी, गंगाफळ यांत हे सर्रास दिसते. दोष जमिनीला दिला जातो; तो बहुधा बियाचा असतो.

दुधी, दोडका, काकडी कोवळी खातात; तेव्हा आतले बी पिकलेले नसते. त्यामुळे घराला आवडलेल्या फळाचा वंश चुलीपाशीच खुंटतो. कडू निघाले म्हणून वेलाची उरलेली फळे कुणी तोडत नाही. ती तिथेच वाळतात, फुटतात आणि पुढच्या मृगात त्यांचेच बी रुजते. म्हणजे निवड होतेच, पण उलटी. पिकल्यावर खाल्ल्या जाणाऱ्या गंगाफळाचे चांगले बी निदान उकिरड्यापर्यंत तरी पोचते.

दुसरे कारण संकर. या वेलांत नर व मादी फुले बहुधा वेगळी असतात आणि पराग मधमाश्या, पतंग नेतात. शेतात उगवणारे शेंदाड खरबुजाच्याच जातीचे, म्हणून दोन्हींचा संकर सहज होतो. फळाचा गर ते धरणाऱ्या वेलाचाच असल्याने त्या वर्षी चव बदलत नाही. फरक त्या बियांच्या वेलावर दिसतो. कारल्याशेजारी लावल्याने काकडी कडू होते, ही मात्र निव्वळ समजूत; त्यांचा संकरच होत नाही. टमाटर (वऱ्हाडात भेदरं) बहुतांशी स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारे), त्यामुळे देशी वाण टिकतो. बाजारच्या हायब्रीड फळाच्या बियांतून मात्र नाना तऱ्हेची झाडे निघतात.

कडूपणा क्युकरबिटासिन या द्रव्याचा. तो शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या व मृत्यूही झाले आहेत; म्हणून चिरण्याआधी देठाकडची चकती चाखावी, कडू लागल्यास थुंकून फळ टाकून द्यावे.

बियाण्यासाठी फळ राखताना त्याच वेलाचे दुसरे कोवळे फळ आधी चाखतात. पण तेवढ्याने परका पराग थांबत नाही. त्यासाठी उमलण्याआधीच नर-मादी फुलांची तोंडे दोऱ्याने बांधून हाताने पराग लावावा लागतो: गंगाफळाला सकाळी, दुधी-दोडक्याला संध्याकाळी.