ओके म्हणजे 'झिरो किल्ड'? नाही हो!

तो फॉरवर्ड परत फिरतोय, की ओके म्हणजे 'झिरो किल्ड', अमेरिकन यादवी युद्धात ज्या दिवशी कोणी मेलं नाही त्या दिवशी छावणीत तसा बोर्ड लावायचे म्हणे. ऐकायला भारी वाटतं पण तारखाच जुळत नाहीत ना, युद्ध सुरू झालं १८६१ ला आणि ओके छापून आलंय २३ मार्च १८३९ ला, बॉस्टन मॉर्निंग पोस्ट नावाच्या पेपरात, आणि सोबत अर्थ पण दिलाय, 'ऑल करेक्ट'. मग ए सी का नाही? तर तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून शॉर्टफॉर्म पाडायची फॅशन होती, 'ऑल'चं ओ आणि 'करेक्ट'चं के (थोडक्यात आजच्या चॅटिंगच्या भाषेसारखंच). बाकीचे असले शब्द मेले, हा मात्र अमेरिकेच्या १८४० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीमुळे टिकला, कारण परत उभा राहिलेला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन हा किंडरहुक गावचा, म्हणून त्याला 'ओल्ड किंडरहुक' म्हणायचे, म्हणजे परत ओके! ॲलन वॉकर रीड या भाषातज्ज्ञाने १९६० च्या दशकात हे सगळं पुराव्यानिशी मांडलंय.

पुढे जपानी, स्पॅनिश, सगळ्यांनीच तो घेतला. आपण तर फोन ठेवतानाही 'ओके, ठेवतो' म्हणतो, तिथे 'ऑल करेक्ट'चा काय संबंध?