सरपंचपदाचा लिलाव
ग्रामपंचायतीच्या मतदानापूर्वीच गावकीने सरपंचपद किंवा सदस्यपद सर्वाधिक बोली लावणाऱ्याला देण्याचा बेकायदेशीर प्रघात. बोलीची रक्कम बहुधा मंदिराच्या बांधकामासाठी घेतात. मग इतर कोणी अर्ज भरत नाही, भरलेला असल्यास मागे घेतो आणि निवडणूक कागदोपत्री ‘बिनविरोध’ ठरते.

मराठा अमदानीत पाटीलकीचे वतन विकले जाई, म्हणून लिलावाचे मूळ कधी कधी तेथे शोधले जाते. तथापि वतन ही वंशपरंपरागत मिळकत होती, तर सरपंचपद पाच वर्षांचे आणि मतांवर मिळणारे आहे. शिवाय मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. त्यापेक्षा ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर (१९९३) पंचायतींचे वाढलेले महत्त्व आणि चौदाव्या वित्त आयोगापासून (२०१५–२०) त्यांना थेट मिळू लागलेला निधी यांतून होणारा उलगडा अधिक पटण्याजोगा आहे.

पैसा देवळाला गेला, कोणाच्या खिशात नाही, असे समर्थन केले जाते. ते कायद्यापुढे टिकणे कठीण दिसते. निवडणूकविषयक लाचेचा गुन्हा १९२० मध्ये भारतीय दंड संहितेत आला (कलम १७१-ब, आता भारतीय न्याय संहिता, कलम १७०). त्यातील ‘निवडणूकविषयक हक्क’ मतापुरता नाही. उमेदवार म्हणून उभे राहणे, न राहणे व माघार घेणे हेही त्यात मोडते. लाभ एकाला देऊन दुसऱ्याचे मन वळवले, तरी गुन्हा होतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लाच केवळ खाण्यापिण्याच्या स्वरूपात असल्यास फक्त दंड. म्हणजे ढाब्यावरच्या जेवणावळीला कायदा पाकिटापेक्षा सौम्य आहे.

जानेवारी २०२१ मध्ये उमराणे (जि. नाशिक) येथे २ कोटी ५ लाख, तर खोंडामळी (जि. नंदुरबार) येथे ४२ लाख रुपयांची बोली झाल्याचे समोर आले. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी १५ जानेवारीच्या मतदानाआधी दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

बोलीत उतरण्याची ऐपत नसलेल्याची उमेदवारी अशा गावात पारावरच संपते, आणि मतदार यादीत नाव असूनही बाकीच्यांना मत देता येत नाही. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली व २०२२ मध्ये परतली. पण माघारीचा मार्ग तिच्यातही खुलाच आहे.