छोट्या इंजिनाला बाटलीतली हवा किती वेळ पुरेल?

नवतप्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की शंभर सीसीच्या दुचाक्या उड्डाणपुलाच्या चढावर डबलसीट ओढताना लवकर दमतात. ‘पिकअप पडलाय’ म्हणून गाडी गॅरेजमध्ये गेली, की मेस्त्री आधी एअर फिल्टर उघडतो. बरोबरच करतो तो. इंजिनाची ताकद पेट्रोलच्या टाकीवर जितकी अवलंबून असते, त्याहून जास्त ती हवेवर असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे नऊ-साडेनऊ हजार लिटर हवा! पेट्रोल हवं तितकं आत सोडता येतं. हवा मात्र पिस्टन खाली जाताना जेवढी ओढेल तेवढीच. आणि तापलेली हवा विरळ असते. डिसेंबरमध्ये पहाटे १० अंशांना सिलिंडरात जेवढ्या वजनाची हवा शिरते, त्यापेक्षा ४५ अंशांना सुमारे ११ टक्के कमी शिरते. ताकदही जवळपास तेवढीच घटते.

मग हवा बाहेरून दाबून का भरू नये? टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून तेच करतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण शंभर सीसीच्या एकाच सिलिंडरमधून धूर ठेक्याठेक्याने येतो. तेवढ्यावर टर्बो धड फिरत नाही, शिवाय परवडतही नाही. म्हणून दुसरी कल्पना पुढे येते: हवा आधीच दाबून बाटलीत भरून ठेवायची आणि लागेल तेव्हा इंजिनाला पाजायची. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधणाऱ्या मुलांना ही कल्पना फार आवडते. मलाही आवडते, म्हणूनच तिचा हिशोब नीट मांडायला हवा.

इथे हवा हे इंधन नाही, हे आधी पक्कं करून घेऊ. नुसत्या दाबलेल्या हवेवर चाकं फिरवणारी गाडी हा वेगळा विषय आहे. टाटा मोटर्सने त्यासाठी २००७ मध्ये एमडीआय या कंपनीशी करार केला होता. दहा लिटरच्या बाटलीत २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट, दाबाने भरलेल्या हवेत जेमतेम एक मेगाज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये तीसहून अधिक. आपल्याला त्या हवेतली ऊर्जा नको आहे, तिच्यातला ऑक्सिजन हवा आहे.

आता हिशोब. चार स्ट्रोकचं शंभर सीसी इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा श्वास घेतं. मिनिटाला ८,००० फेरे असतील तर ४,००० श्वास, म्हणजे मिनिटाला ४०० लिटर हवा. प्रत्यक्षात थोडी कमीच, पण गणित सोपं राहू द्या. ताकद दीडपट हवी, तर हवा ६०० लिटर लागेल. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची शंभर लिटरची टाकी ८ बारला भरलेली असेल, तर तिच्यातून ७५० लिटर कामाची हवा मिळेल (दीडपट हवा आत ढकलायला लागणारा अर्धा बार टाकीत उरतोच). म्हणजे सव्वा मिनिट! गाडीवर अख्खा ड्रम लादायचा आणि चढ संपायच्या आत तो रिकामा. त्याऐवजी हवा २०० बारला, दहा लिटरच्या स्टीलच्या बाटलीत भरली तर २,००० लिटर होते. ती तीन मिनिटांहून थोडी अधिक पुरते, आणि बाटलीचं वजन दहा-बारा किलोच्या घरात राहतं.

या हिशोबातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ४०० लिटर हवा इंजिन बाहेरून घेतंच आहे, मग बाटलीने फक्त वरची २०० द्यायची ना? नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढला की बाहेरची हवा आत येणंच थांबतं. उलट, एकतर्फी झडप नसेल तर बाटलीतली हवा फिल्टरमधून बाहेर निघून जाईल. म्हणून सगळेच्या सगळे ६०० लिटर बाटलीला द्यावे लागतात. फुकटच्या ४०० लिटरवर पाणी सोडून आपण विकतची हवा जाळतो.

यातून सुटायची वाट सुंदर आहे. इंजिनाला आधी बाहेरच्या हवेचा पूर्ण श्वास घेऊ द्यायचा. इनटेक व्हॉल्व्ह बंद झाला, की एका जादा व्हॉल्व्हमधून बाटलीतली हवा थेट सिलिंडरात सोडायची. मग बाटली फक्त वाढीव २०० लिटर देते आणि तिप्पट वेळ चालते. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात लिनो गुझेला यांच्या गटाने याच वाटेने छोटं इंजिन आणि हवेची टाकी यांची जोडी जुळवली. तिथे ब्रेक लावताना इंजिनच कॉम्प्रेसर बनतं आणि टाकी भरून घेतं. अडचण आहे ती वेळेची. ८,००० फेऱ्यांवर एक स्ट्रोक पावणेचार मिलिसेकंदांत संपतो. त्यातल्याही सुरुवातीच्या तुकड्यात व्हॉल्व्ह उघडून, हवा सोडून, बंद झाला पाहिजे. हे गॅरेजमध्ये जुळवण्याचं काम नाही.

मॅनिफोल्डमध्येच हवा सोडायची असेल तर पुढचं दुखणं कार्ब्युरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं. हे जवळून बघण्यासारखं आहे. कार्ब्युरेटरखाली फ्लोट चेंबर असतो. पेट्रोलच्या टाकीतून गुरुत्वाकर्षणाने त्यात पेट्रोल उतरतं आणि चेंबरवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. वरच्या नळीत अर्धा बार जादा दाब आला, की जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर चढायच्या ऐवजी हवाच खाली घुसते. इंजिन उपाशी. उपाय म्हणून चेंबरची व्हेंट नळी दाबाच्या हवेला जोडली, तर टाकीतलं पेट्रोल त्या दाबाविरुद्ध खाली उतरत नाही. पेट्रोलचा एक मीटर उंचीचा स्तंभ फक्त ०.०७ बार दाब देतो. अर्ध्या बारवर मात करायला टाकी सात मीटर उंच लागेल! म्हणजे पेट्रोलपंप बसवणं आलंच. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन असल्याने पंप असतो, पण त्यांचा संगणक एवढ्या हवेसाठी लिहिलेला नसतो. जादा हवेच्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो.

नॉकिंगचंही, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकायला लागण्याचंही, भय आहे. त्यात एक दिलासा असा, की पसरताना हवा थंड होते, आणि थंड हवा नॉकिंगला आवर घालते. पण पावसाळ्यातली दमट हवा न सुकवता भरली असेल, तर बाटलीचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो.

बाटलीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. २०० बार म्हणजे सीएनजी रिक्षाच्या सिलिंडरातला दाब. असे सिलिंडर दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासून घ्यावे लागतात. देशभरात या सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. एसीच्या गॅसचे रिकामे डबे, जुनी अग्निशामकं किंवा पीव्हीसीचे पाइप हवेची टाकी म्हणून वापरू नका. फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन तर मुळीच नको. दाबाखालचा ऑक्सिजन तेला-ग्रीसला लागला की आग धरतो.

मोठ्या गाड्यांत ही कल्पना कामाला लागली आहे, ती काही सेकंदांपुरती. व्होल्वोने २०१६ च्या सुमारास डिझेल गाड्यांत दोन लिटरची टाकी बसवली. तिच्यातली १२ बारपर्यंतची हवा टर्बोच्या आधी सोडली जाते आणि टर्बो पटकन वेग घेतो. क्नॉर-ब्रेम्झे या ब्रेक बनवणाऱ्या जर्मन कंपनीने ट्रक-बससाठी एअर ब्रेकची हवा इनटेकमध्ये सोडणारी यंत्रणा बनवली. ट्रकवर कॉम्प्रेसर आणि टाक्या आधीच असतात, त्यामुळे तिथे हे व्यवहारात बसतं. दुचाकीवर मला ते बसताना दिसत नाही.

पण प्रयोग करायचाच असेल तर नागपूरच्या मुलांनी दुचाकी सोडून कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं पाच अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्यावं. त्यात डिझेल पंपाने थेट सिलिंडरात जातं, त्यामुळे कार्ब्युरेटरचा प्रश्नच उरत नाही, आणि पेट्रोलसारखं नॉकिंग नसतं. सुमारे ६६० सीसीचं इंजिन १,५०० फेऱ्यांवर मिनिटाला जवळपास ५०० लिटर हवा घेतं, दाब ०.२ बारने वाढवला तर ६००. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची दोनशे लिटरची टाकी ८ बारला भरली, तर जवळपास अडीच मिनिटं मिळतात. इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनॅमोमीटरवरचा भार, डिझेलचा खप आणि धुराची घनता, हवेसह आणि हवेविना, नोंदवायला तेवढा वेळ पुरतो. शिक्षकांना सोबत घ्या, आणि रेग्युलेटरच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह लावल्याशिवाय टाकीची चावी उघडू नका.